एका माणसाचं वजन

गवार महाग झाली की समजावं, पितर निघाले. परवा वाशीच्या बाजारात भाजीवाल्यानं गवारीचा भाव अशा तोऱ्यात सांगितला की मी पिशवीतला हात बाहेरच काढला नाही. "मावशी, पितृपक्ष हाय, आता उतरनार नाय," तो म्हणाला. भाद्रपद उतरणीला लागलेला, पाऊस निरोप घेऊनही दारात घुटमळणारा, आणि मधूनच पडणारं ते ओलं, चिकट ऊन. त्या उन्हात पदर मानेला चिकटतो आणि माणूस कारणाशिवाय चिडतं. दर वर्षी हा पंधरवडा आला की मला तेलाचा वास येतो. तळणीच्या नाही, इंजिनाच्या. शेजारीण म्हणते, सुधाताई, नाक दाखवून घ्या कुणाला तरी. नाकाला काही झालेलं नाही. त्या वासाचं आणि माझं जुनं भांडण आहे.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही दादरची खोली सोडून वाशीत राहायला आलो होतो. खाडीवरचा पूल ओलांडला की मुंबई संपायची, आणि पुढे अजून काहीच सुरू झालेलं नसायचं. एकसारख्या इमारती, रुंद रस्ते, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ओहोटीच्या वेळी खाडीचा चिखल वासाला यायचा आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने. दादरच्या शाळेतली माझी नोकरी सुटली, कारण जाण्यायेण्यातच दिवस संपायचा. घरात सासूबाई, मी आणि माझा नवरा अरविंद. (लिहिताना मी नाव घेते, अरेतुरेही करते, बोलताना अजूनही 'अहो'च.) आल्या आल्या सासूबाईंनी गॅलरीला ग्रिल बसवून घेतलं. लोकांनी बोटाएवढ्या जाड सळ्या लावल्या, आम्ही अंगठ्याएवढ्या. "एकदाच करायचं, ते दणकट करावं," सासूबाई म्हणाल्या. चोरानं यावं असं आमच्याकडे काही नव्हतं, आणि मी जावं असं बाहेर काही नव्हतं. मी त्या सळ्या धरून दुपारभर उभी राहायची. हातांना लोखंडाचा वास लागायचा आणि तो साबणानंही जायचा नाही.

अशा घरात अरविंद विमान बांधत होता. खोटं वाटेल, पण खरं आहे. तो कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. लग्नाआधी फ्लाइंग क्लबमध्ये जाऊन त्यानं उडवण्याचा परवाना मिळवला होता, आणि परदेशातून मागवलेल्या नकाशांवरून एक लहानसं लाकडी विमान स्वतः बांधायचं त्याच्या डोक्यात होतं. करावे गावात त्याच्या मित्राची एक शेड होती, होड्या दुरुस्त करण्याची. तिथे होड्यांच्या शेजारी आमच्या विमानाचा सांगाडा उभा होता. विमानात दोन खुर्च्या होत्या, शेजारी शेजारी. डावी त्याची, उजवी माझी. एका रविवारी त्यानं मला स्टुलावर बसवून टेपनं मापं घेतली, पाठीची, मांडीची, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची. तोवर माझं माप फक्त शिंप्यानं घेतलं होतं. "तुझ्या मापाची खुर्ची," तो म्हणाला, आणि मी लाजले. मला उडायची हौस नव्हती, उंचीची तर भीतीच वाटायची. पण मला एकदा, एकदाच, वरून बघायचं होतं, मला नेमकं कुठे आणून ठेवलंय ते. त्या वर्षी मी दुसरं काहीही मागितलं नाही.

इंजिन तुर्भ्याला मुश्ताकभाईंकडे बांधायला द्यायचं ठरलं. मुश्ताकभाई जासईकडचे. त्यांचे वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. मुश्ताकभाईंनी तुर्भ्याला पत्र्याची शेड टाकून वर्कशॉप काढलं होतं. आमचं इंजिन भंगारात आलेल्या एका जपानी मोटारीचं होतं. साध्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो, ह्याच्यात तसलं काही नव्हतं. एका गोलसर पोकळीत एक तिकोनी लोखंडी गोळा नुसता गरागरा फिरायचा. मुश्ताकभाईंनी तो उचलून माझ्यासमोर धरला. तीन टोकं आणि फुगलेलं पोट, थेट सामोसाच. "हा फिरतो, फिरतो, फिरतो, भाभी. खडखड नाय, आदळआपट नाय. बस फिरतो." मी विचारलं, बाहेर येत नाही कधी? ते हसले. "बाहेर आला तर खलास!" मला त्या सामोशाबद्दल एकदम जिव्हाळा वाटला.

मूळ इंजिन कसं बांधायचं ते ठरलंच होतं. प्रश्न होता वरच्या जास्तीच्या वस्तूंचा. मुश्ताकभाईंचं बोलणं मिठाईवाल्यासारखं होतं. कुठलीच गोष्ट घ्या म्हणायचे नाहीत, फक्त झाकण उघडून दाखवायचे. "साहेब, बेसिक हाय ते चालनार. शंभर टक्के चालनार. पन वर गेल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला लावता येत नाय ना?" मग पुढे ठिणगीची दुसरी यंत्रणा, पहिली बंद पडली तर. तेल थंड ठेवायला मोठा कूलर. विमानाच्या पंख्याचा वेग कमी करणारा गियर, हलका की भारी. पेट्रोलचा दुसरा पंप. प्रत्येक वेळी अरविंद विचारायचा, "वजन?" आणि प्रत्येक वेळी मुश्ताकभाई अंगठा आणि बोट जवळ आणून म्हणायचे, "थोडासा." अरविंद शहाणा होता. विमान म्हणजे वजन, हे त्यानं मला कितीदा तरी समजावलं होतं. त्यानं त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं, हलका गियर आणि बाकी काही नाही. उद्या येऊन सांगतो, म्हणाला. त्यानं तिथेच सांगितलं असतं तर हा लेख मी लिहिला नसता.

कारण घरी आलो तर सासूबाई दारातच. "उद्यापासून पितृपक्ष. नवं काही सांगायचं नाही, नवं काही आणायचं नाही. घट बसले की सांग." आणि आमचं इंजिन पंधरा दिवस लोंबकळलं.

रिकामा पंधरवडा फार वाईट असतो. करायचं काही नसतं म्हणून प्रत्येकजण विचार करतो, आणि आमच्याकडे विचार करणं म्हणजे काहीतरी वाढवणं. आपल्या लोकांना जास्तीचं फार प्रिय. मुलाचा गणवेश वाढत्या अंगाचा, दक्षिणा सव्वा रुपया, कोथिंबीर विकत घेतली तरी चार काड्या वर. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत घरातली प्रत्येक बाई एकेक डबा कोंबणार, आणि नको म्हटलं तर तिच्या मायेचा अपमान. जाणाऱ्याचा खांदा निखळला तरी चालेल. अरविंदला ह्या विमानासाठी घरच्यांची संमती हवी होती, आणि घरच्यांची संमती अशीच मिळते. प्रत्येकाचा एकेक डबा घ्यावा लागतो.

पहिला डबा सासूबाईंचा. त्या दुपारी अळूच्या देठांच्या साली काढत बसल्या होत्या. विमानाबद्दल त्या तोवर बरंवाईट काही बोलल्या नव्हत्या, जेवताना आमचं बोलणं तेवढं ऐकत असायच्या. "अरू, ते ठिणगीचं दुसरं घे," त्या एकदम म्हणाल्या. "देवापाशी मी समई लावते तर त्यात दोन वाती घालते. एक विझली तर अंधार नको. तू तर सुधाला घेऊन जाणार." अरविंदनं माझ्याकडे बघितलं. आईनं विमानाला प्रथमच होकार दिला होता, आणि तोही माझ्या नावानं. नाही कसं म्हणणार? मलाही भरून आलं होतं, खरं सांगते.

दुसरा डबा दिवंगत सासऱ्यांचा. हे वाचून कुणी हसलं तर हसू दे. त्यांच्या तिथीला आम्ही इमारतीच्या गच्चीवर पान ठेवलं होतं. भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं. पण कावळा शिवेना. खाडीवरची मासळीची मेजवानी सोडून तो आमच्या वड्यांकडे कशाला येईल? पण असं म्हणायची सोय नव्हती. सासूबाई हात जोडून उभ्या. त्यांच्या मागे अरविंद, मी, आणि पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान मधुकरराव. गच्ची तव्यासारखी तापलेली, पायाखाली चटके बसत होते. "त्यांचा जीव अडकलाय," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना विमानाची काळजी. बोल अरू, काहीतरी कबूल कर." अरविंद इंजिनिअर माणूस. त्यानं आधी आभाळाकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "बाबा, पेट्रोलचा दुसरा पंप घेतो." काही नाही. पाण्याच्या टाकीवर एक कावळा होता, त्यानं पाठ फिरवली. सासऱ्यांचा जन्म गाड्या तापतील ह्या धास्तीत गेला होता. घाटात ते दर वळणाला गाडी थांबवून बॉनेट उघडायचे. नणंदबाईंना ते आठवलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "अरू, कूलर म्हण." "बाबा, मोठा कूलर घेतो," अरविंद म्हणाला, आणि तो टाकीवरचा कावळा उडाला, सरळ आला आणि वडा घेऊन गेला. सासूबाई रडल्या. मीही रडले. पंप तर कबूल झालाच होता, आता दिलेला शब्द परत कसा घेणार? म्हणून पंपही राहिला.

त्याच पंगतीत तिसरा डबा आला. मधुकरराव खिरीची दुसरी वाटी संपवून म्हणाले, "अरविंद, मी ह्यातलं जाणतो असं नाही, पण गियर घ्यायचा तर भारी घे बुवा. हलक्यात हात घालू नये." मधुकरराव पुण्यात कापडाचं दुकान चालवायचे. पण जावई. जावयानं पानावर बसून उच्चारलेला शब्द खाली पडू द्यायचा नसतो. अरविंदनं मान हलवली. मी वाढत होते. मधुकररावांनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही काय सांगितलंत?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तिला काय सांगायचं? ती तर बसणारच आहे." सगळे हसले, आणि मी हसून खीर वाढली.

घट बसले. आम्ही दोघं तुर्भ्याला गेलो आणि अरविंदनं सगळं सांगितलं. मुश्ताकभाई प्रत्येक वस्तूला "वा!" म्हणत गेले. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "आता एक माझ्याकडून. सायलेन्सर. हे इंजिन लय ओरडते, साहेब. भाभी बाजूला बसनार, त्यांच्या कानाला त्रास नको. पैशाचं नाव नाय काढायचं." त्यांनी दाखवलेला सायलेन्सर हंड्याएवढा होता. अरविंदनं ह्या वेळी वजन विचारलंच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही.

त्या पंधरवड्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. वाईट कोण वागलं, हे शोधायचा प्रयत्न केला आहे, म्हणजे निदान एकावर राग धरता आला असता. पण सापडत नाही. सासूबाईंना माझी काळजी होती, मुश्ताकभाईंना माझ्या कानांची. सगळ्यांनी मला जपायचं ठरवलं होतं. जपणाऱ्या माणसांशी भांडता येत नाही. चोराशी भांडता येतं, पण दणकट ग्रिल बसवणाऱ्याशी काय भांडणार? तुम्ही आत असता, सुखरूप असता, आणि दार कुणी लावलं ते सांगता येत नाही. पुढे कितीतरी बायकांच्या घरी मी हेच पाहिलं, फक्त तिथे इंजिन नव्हतं.

इंजिन थंडीत तयार झालं. वर्कशॉपच्या अंगणात लोखंडी स्टँडवर ते पहिल्यांदा फिरवलं तेव्हा पत्रे थरथरले आणि तरी, त्या हंड्यामुळे, मला अरविंदचं बोलणं ऐकू येत होतं. "वा, सुधा! वा!" त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ते सुख खोटं नव्हतं. मग शेजारच्या लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर इंजिन तोललं. वखारवाल्यानं काटा स्थिर होऊ दिला. अरविंद वाकून बघत राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा रंग उतरला होता. शिवाय इतकं वजन नाकावर आलं, तर तोल साधायला शेपटीत शिसं भरावं लागणार होतं. त्यानं तिथेच हिशेब मांडला आणि मुश्ताकभाईंना सांगितलं, सगळं मिळून ठरल्यापेक्षा एका माणसाएवढं जास्त होतंय.

त्या माणसाचं नाव कुणीच घेतलं नाही. मुश्ताकभाईंनी चहा मागवला आणि आम्ही तो पिऊन घरी आलो.

दोन दिवस मी वाट पाहिली, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. मग मीच विचारलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या आणि तो जेवत होता. "अहो, एखादी वस्तू काढता नाही का येणार?"

"कोणती काढू?" तो म्हणाला. चिडून नाही, खरोखर विचारत होता. "ठिणगीचं दुसरं आईचं आहे. कूलर आणि पंप बाबांचा. गियर मधुकररावांचा, ताई काय म्हणेल? सायलेन्सर तर मुश्ताकभाईंनी तुझ्यासाठी दिलाय. तूच सांग, कुणाचं काढू?"

इंजिनावरच्या प्रत्येक वस्तूला धनी होता. ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला, तसं झालं होतं. फक्त त्या खुर्चीसाठी कुणी शब्द टाकला नव्हता, कारण ती माझी आहे हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. "पुढच्या वर्षी इंजिन हलकं करू," अरविंद म्हणाला. "मग तू." आणि पानाकडे बघत त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. "तुला तसंही उंचीची भीती वाटते ना?" त्याला वाटलं, तो मला सोडवतोय. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की हातातली आमटीची वाटी मी पुन्हा पातेल्यात ओतली.

खुर्ची काढायला आम्ही करावेला गेलो. ओहोटी होती, शेडमध्ये डांबराचा आणि सुकटीचा वास. पुढचे बोल्ट त्यानं काढले. मागचे दोन अशा सापटीत होते की त्याचा हात आत जाईना. त्यानं कातडी सोलून घेतली, शिव्या दिल्या, पाना बदलला. मग माझ्याकडे वळला. "तुझा हात जाईल बघ." मी बांगड्या मागे सारल्या. हात गेला. आत अंधार होता आणि लाकूड गार होतं. मी चाचपून पहिला बोल्ट काढला, मग दुसरा. खुर्ची सैल झाली आणि माझ्याच अंगावर कलली. अगदी माझ्या मापाची होती. "शाब्बास!" अरविंद म्हणाला. मी ती शेडच्या भिंतीशी नेऊन ठेवली, आणि हात धुवायला पाणी मागितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी घाटावरच्या एका जुन्या धावपट्टीवरून विमान उडालं. ओळखीपाळखीनं, परवानग्यांच्या मागे धावून, कसंबसं. मी आणि सासूबाई कुंपणापाशी उभ्या होतो. ते धावलं, डळमळलं, आणि जमिनीपासून सुटलं. सासूबाईंनी माझा दंड धरला. "बरं झालं बाई, तू खाली आहेस," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की मी त्यांचा हात सोडवला नाही. वर ते विमान एक लांब वळण घेत होतं. मला त्याची काळजी वाटत होती, मला त्याचा अभिमान वाटत होता, आणि ते पडावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. पण ते उतरू नये असं मात्र क्षणभर वाटलं. असंच जात राहावं, दिसेनासं व्हावं, म्हणजे मग मला घरी जाऊन पोळ्या कराव्या लागणार नाहीत. पाऊण तासानं ते व्यवस्थित उतरलं. पुढचं वर्ष आलं तेव्हा मुलगी पोटात होती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते विमान एका हौशी माणसाला विकून टाकलं.

नंतर मी विमानात बसले. मुलीकडे परदेशी गेले, दोनदा गेले. मोठी विमानं, मधली सीट, खिडकी दुसऱ्याची. खाली ढग होते म्हणे.

गेल्या आठवड्यात नात आली होती, ईरा. कॉलेजात काहीतरी आजोबांची मुलाखत घ्यायची होती तिला. फोन टेबलावर उभा करून बसली. सोफ्यावर अरविंद. ऐन रंगात येऊन तो विमानाची गोष्ट सांगत होता, आणि मी जेवणाचं टेबल पुसत होते. कावळ्याचं सांगून झालं, मुश्ताकभाईंचं झालं, पोर हसून लोळत होती. मग तो म्हणाला, "आणि वर गेल्यावर वळण घेतलं ना, तर तुझ्या आजीनं माझा दंड असा घट्ट धरला! म्हणाली, अहो, खाली बघा, किती लहान दिसतंय सगळं."

माझा हात थांबला. तो खोटं बोलत नव्हता. अरविंदला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. त्याचा आवाज मऊ झाला होता. सगळे महिने तो 'आपण उडू' म्हणत होता, आणि त्याच्या मनात आम्ही उडालो होतो. इतकी वर्षं त्यानं मला तिथे शेजारी बसवून ठेवलं होतं, उजव्या बाजूला, सुखात. मला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त माझी.

"आजी, भीती वाटली?" ईरानं विचारलं.

"मी नव्हते गं," मी म्हटलं. "मी खाली होते, कुंपणापाशी."

अरविंद आधी हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. "असं कसं?" तो म्हणाला. "मग माझ्या शेजारी कोण होतं?"

"कुणी नव्हतं. खुर्चीच नव्हती. मी काढली होती."

त्यानं सोफ्यावर आपल्या उजवीकडे बघितलं. ईरानं फोन बंद केला. मग तो जरा डावीकडे सरकला, मोकळ्या झालेल्या जागेवर हातानं थोपटलं आणि म्हणाला, "ये ना. बस."

मी बसले नाही.